पगारासकट शिक

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालास, "आई, त्यांना माझं काम नकोय, सेटवर एक ट्रान्स माणूस हवाय." इकडे शॉट लागला होता, मला बोलता आलं नाही. पॅकअप झाल्यावर घरी आले, पण डोळा लागला नाही. म्हणून लिहितेय.

व्हँकुव्हरच्या त्या मालिकेत कॅमेऱ्याकडे दहा आठवडे उमेदवारी, हाताशी धरून शिकवायला एक जुनी असिस्टंट, आणि दर आठवड्याला पगार. जागा फक्त ट्रान्स आणि नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला ना मुलगा ना मुलगी म्हणवणाऱ्या, मुलांसाठी, एवढ्यावरून तुला ती दया वाटतेय.

मी १९९६ ला सेटवर आले ती हेअरड्रेसर म्हणून. हात शिवशिवायचे मेकअपला. पण तेव्हा मुंबईत मेकअपचं युनियन कार्ड बाईला मिळायचंच नाही. मेकअप पुरुषाने करायचा, केस बाईने करायचे, ही वाटणी पन्नासहून जास्त वर्षं चालली. मी खोपे घातले, गंगावनं विंचरली, नऊवारीतल्या पोरींच्या अंबाड्यांवर गजरे माळले. कधीतरी एखादी नायिका म्हणायची, "ताई, डोळे तुम्हीच करा ना," मग व्हॅनिटीचं दार आतून लावायचं. बाहेर पावलं वाजली की ब्रश टॉवेलखाली आणि कंगवा हातात. चोरी केल्यासारखं वाटायचं रे.

त्यात पहिली दोन वर्षं पगार नव्हता. "शिकतेयस ना?" म्हणायचे. कन्व्हेयन्स द्यायचे, तेही मागितल्यावर. माझ्याबरोबर विरारहून एक मुलगी यायची. हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. आठ महिन्यांत तिने काम सोडलं, कारण तिला घरी पैसे द्यायचे होते. माझं जेवणखाण तुझ्या आजोबांकडे होतं म्हणून मी टिकले. तिच्या हाताची आठवण मला अजून येते, एखादा खोपा छान बसला की हमखास येते.

१० नोव्हेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तो नियम मोडीत काढला. त्याच वर्षी १५ एप्रिलला त्याच कोर्टाने सांगितलं होतं की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तू तेव्हा शाळेत होतास, जेवताना मान खाली घालून बसायचास. नोव्हेंबरच्या निकालाचे मी चाळभर पेढे वाटले. एप्रिलचा निकाल माझ्याच घरातल्या माणसाचा होता, आणि तो मी वाचलासुद्धा नव्हता. याची खंत मी तुला कधी बोलून दाखवली नाही, आज लिहिते.

पुढे तू सांगितलंस, तेव्हा क्रियापदं बदलताना माझी जीभ अडखळायची. 'आलीस' तोंडात यायचं, 'आलास' म्हणायला धीर व्हायचा नाही. मग मी 'लेकरू'चा आधार घेतला. "जेवलं का लेकरू? दमलं का?" तू ओळखलं होतंस आणि मला वेळ दिला होतास.

तर पेढे वाटून झाले, कार्डही हातात आलं. पण मिशी कशी चिकटवायची, भाजल्याची जखम कशी उठवायची, म्हातारपण चेहऱ्यावर कसं चढवायचं, हे मला शिकवणार कोण? पुरुषांनी ते उस्तादांच्या मागे वर्षानुवर्षं उभं राहून उचललं होतं. मी चाळिशी ओलांडलेली बाई, आता कुणाच्या मागे उभी राहू? निकाल माझ्या बाजूने होता, पण शेजारी उभं राहून "ब्रश असा धर" म्हणणारं कुणी नव्हतं.

२०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, आपण दोघांनी 'डिस्क्लोजर' हा माहितीपट पाहिला. सॅम फेडर यांचा, अमेरिकेतल्या पडद्यावर ट्रान्स माणसं कशी दाखवली गेली त्याबद्दलचा. नंतर तू मला वाचून दाखवलंस की त्या माहितीपटाच्या कामावर आधी ट्रान्स तंत्रज्ञच शोधत होते. नाही मिळाला तर दुसऱ्याला घ्यायचं, पण त्याने एका ट्रान्स उमेदवाराला शेजारी घेऊन काम शिकवायचं, आणि त्या उमेदवारालाही पैसे द्यायचे. मी पोळ्या लाटायची थांबले होते, आठवतं? मला विरारची ती मुलगी आठवली होती.

दया म्हणशील, तर आमच्याकडच्या कॅमेरामनची मुलं बापाच्या ट्रॉलीवर बसून लेन्सा ओळखायला शिकली. त्यांना कुणी दया म्हणालं नाही. व्ही. शांताराम कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या कंपनीत पडेल ते काम करत तयार झाले. कुणाच्या तरी हाताखाली उभं राहायला जागा मिळाल्याशिवाय हे काम येतच नाही. तुझ्यासारख्यांना ती जागा कुणी दिली नव्हती, आता देताहेत. घे.

पण तुझी शंका मी उडवून लावत नाही. आधीच विचार: मी कॅमेऱ्याजवळ किती तास असेन? लेन्स बदलायला, क्लॅप द्यायला मिळणार की नुसतं बघायचं? जादा तासांचे पैसे? शेवटी नावांच्या यादीत माझं नाव, मी सांगेन तेच, कॅमेऱ्याच्या माणसांत येणार ना? कुणी वेडंवाकडं बोललं तर जायचं कुणाकडे? आणि दर दोन दिवसांनी मुलाखतीला, फोटोला बसवायला लागले तर शांतपणे सांग, माझा कॉलटाइम, सेटवर बोलावल्याची वेळ, कॅमेऱ्याच्या कामासाठी आहे. हे सगळं लेखी घे. मी कधी लेखी घेतलं नाही.

त्या असिस्टंटबाईंना काय म्हणतात तिकडे, नावानेच ना? तरी मनातल्या मनात ताई म्हण. त्यांचे हात बघत राहा, बोलण्यापेक्षा हात जास्त सांगतात.

थंडीचे बूट घे, पैशांकडे बघू नकोस. पार्सलमध्ये मेतकूट आहे, आणि माझी कमरेची काळी पिशवी. कॅमेऱ्याची मुलं टेप, मार्कर, फडकी अशाच पिशवीत ठेवतात, मी बघते रोज. चेन थोडी अडकते, मेण लाव. मी रिकामी केलीय, तरी तळाशी एखादी हेअरपिन सापडलीच, तर असू दे आत.

तुझी,
आई