पाटलांच्या पोरी

वॉटफर्ड, रविवार

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

शेंगाचटणीचा डबा पोचला. पिशवी फुटून तेल पार कुरियरच्या खोक्याला लागलंय, पण चटणी शाबूत आहे. फोनवर तू 'जेवलीस का' विचारतेस आणि लगेच मशीन चालू करतेस, म्हणून कालची गोष्ट लिहूनच कळवते.

काल लंडनला एक्सेल नावाच्या मोठ्या प्रदर्शन-केंद्रात कॉमिक कॉनला गेले होते. आपली गड्ड्याची जत्राच समज, फक्त पाळण्यांच्या जागी सोंगं. माणसं महिनोन्‌महिने खपून सिनेमातल्या पात्रांचे कपडे शिवतात आणि दिवसभर घालून हिंडतात. तू असतीस तर प्रत्येकाची शिवण उलटी करून बघितली असतीस.

तिथल्या लेडीज टॉयलेटात दोन मुली रडकुंडीला आल्या होत्या. अंगात काळा झगा, हातात जादूची छडी आणि खाली नऊवारी! एकीचा काष्टा सुटून हातात आलेला. यूट्यूब बघून नेसली होती बिचारी. मी म्हटलं, थांब. तुझ्यासारख्याच तोंडात पिना धरल्या, निऱ्या परत घातल्या, काष्टा मागं नेऊन घट्ट खोचला. साडी पॉलिस्टरची, नुसती निसटत होती. मग विचारलं, कोण झालात गं? म्हणाल्या, पद्मा आणि पार्वती पाटील.

हॅरी पॉटरमधल्या त्या जुळ्या, आठवतात? 2005 ला चौथा सिनेमा आला तेव्हा ताईनं आणि मी किती उड्या मारल्या होत्या. आपल्या गल्लीत पाटलांची तीन घरं, त्याचं कधी कौतुक वाटलं नाही, पण जादूच्या शाळेत पाटील म्हणजे काय! आणि मग नाचाच्या प्रसंगात त्या दोघी आल्या, गुलाबी-नारिंगी मरगळलेल्या घागऱ्यांत. नंतर टीव्हीवर लागला तेव्हा तू युनिफॉर्मच्या गठ्ठ्यावरून मान वर करून म्हणालीस, "एवढ्या पैशेवाल्यांना पोरींच्या कपड्याला धड अस्तर लावता येईना?" ताई चिडली होती तुझ्यावर. मला मात्र ते पटलं होतं, तेव्हा बोलले नाही.

गंमत म्हणजे पुस्तकात घागरा नाहीच. तिथं पार्वती झळझळीत गुलाबी झग्यात येते, वेणीत सोनेरी गुंफण, हातात सोन्याच्या बांगड्या. पद्मा फिरोजी रंगात. त्या शाळेत स्वभाव बघून मुलांना वेगवेगळ्या गटांत घालतात, त्यांना 'घरं' म्हणतात. तिथंही एक ग्रिफिन्डॉरमध्ये, दुसरी रेव्हनक्लॉमध्ये, म्हणजे दोघींचे स्वभाव वेगळे. सिनेमानं दोघींना एकाच घरात कोंबलं. घागरे चढवून भारतीय केलं खरं, पण कोण कुठली हेच पुसून टाकलं. दोघींना काम तरी काय, तर हॅरी आणि रॉन नाचत नाहीत म्हणून तोंड पाडून बसायचं!

गोष्ट पडद्यावर नेताना बदल होणारच. लक्ष्मणरेषा वाल्मीकींनी कुठं लिहिलीय? आणि तीच नसती तर आजीनं रामायण बघितलं नसतं. बदलावर माझा राग नाही. अर्सुला ल गुइन नावाच्या लेखिकेनं तिच्या 'अर्थसी' कादंबऱ्यांचा नायक मुद्दाम तांबूस-तपकिरी कातडीचा लिहिला, तर 2004 च्या मालिकेत तो गोरा करून टाकला. तिनं स्वतः लेख लिहून झाडलं त्यांना. आता पॉटरची नवी मालिका बनतेय, त्यात स्नेप मास्तर पापा एसिएडू हा कृष्णवर्णीय नट करतोय, तर 'पुस्तकात असं नाही' म्हणून केवढा आरडाओरडा. पुस्तकावर एवढी निष्ठा असणाऱ्यांपैकी पद्माचं घर बदललं तेव्हा कितीजण ओरडले, ते विचारावंसं वाटतं. आपल्याकडच्या पोरी मात्र त्या घागऱ्यांवर वर्षानुवर्षं हसतायत, चित्रं काढून नवे कपडे घालतायत त्यांना.

या दोघी लेस्टरच्या, गुजराती घरातल्या. आधी त्यांना वाटलं पाटील म्हणजे पटेलच, स्पेलिंग चुकलेलं. मग शोधलं, मराठी आडनाव आहे कळलं, म्हणून नऊवारी. पद्माची निळी, पार्वतीची लाल, आपापल्या घराच्या रंगाची. उच्चार 'पॅटिल'च करत होत्या, तो सुधारून दिला. एवढी चौकशी त्या घागरेवाल्यांनी केली असती तर तुझी बोलणी वाचली असती त्यांची.

मी त्यांना इरकलचा फोटो दाखवला, टोपपदर मोठा करून. दोघींचे डोळेच विस्फारले. तर आता काम सांगते. दोन इरकल नऊवारींचा भाव काढ, एक गर्द निळी, एक लाल. सुती बघ, सिल्क नको, पोरी शिकतायत अजून. शिवूनच दे, मापं ताईच्या फोनवर पाठवली आहेत. कमरेला नाडी लावू नको, हूक लाव. आणि उजव्या बाजूला आतून एक लांबट खिसा ठेव, साधारण चौदा इंचाचा. छडी मावली पाहिजे.

भाऊंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी,
छोटी