‘शक्तिशाली अँटिऑक्सिडंट’ म्हणजे काय, तेही छापा

मा. संपादक,

आपल्या आरोग्य पुरवणीत क्वेर्सेटिनची ओळख ‘शक्तिशाली अँटिऑक्सिडंट’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेली वाचली. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. हे शब्द चुकीचे नाहीत, अपुरे आहेत. तेवढ्यावर विसंबून माणसे गोळ्या सुरू करतात, म्हणून हे पत्र.

क्वेर्सेटिन हे फ्लेवोनॉइड या वनस्पतीजन्य संयुगांच्या कुळातले पिवळे संयुग. कांदा, सफरचंद, चहाची पाने यांत ते असते, बहुधा साखरेच्या रेणूला जोडलेले. त्याच्या रेणूवर पाच हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) आहेत आणि त्यांतले दोन एकाच वलयावर अगदी शेजारी-शेजारी. मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, म्हणून पेशींना इजा करू शकणारा अस्थिर रेणू) भेटले की या जोडीतला एक गट आपला हायड्रोजन देऊन टाकतो आणि ते मूलक निवते. आता क्वेर्सेटिन स्वतःच मूलक झालेले असते! पण त्याचा एकटा पडलेला इलेक्ट्रॉन एका जागी न राहता वलयांवर आणि त्यांना जोडणाऱ्या दुहेरी बंधावर पसरतो, म्हणून ते फारसा उपद्रव करत नाही. फळ्यावर ही रचना काढताना मला दरवेळी आनंद व्हायचा. लोहाचे आयनही हा रेणू धरून ठेवतो, त्यामुळे लोहामुळे तयार होणारी मूलके कमी होतात.

पुरवणीत आले नाही ते यापुढचे. आणखी एक इलेक्ट्रॉन गेला की क्विनोन हा क्रियाशील रेणू तयार होतो. तो पेशीतल्या ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूला आणि प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांना जाऊन चिकटतो. म्हणजे प्रमाण आणि परिस्थिती बदलली की हेच संयुग ऑक्सिडीकरणाला हातभारही लावू शकते.

शिवाय ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे शोषले जाते त्यावर आतड्यात आणि यकृतात सल्फेट, मिथिल, ग्लुकुरोनिक आम्ल असे काही ना काही जोडले जाते; मूळ रूपातले क्वेर्सेटिन रक्तात फारच थोडे उरते. परीक्षानळीतल्या पेशींवर जेवढे ओततात, तेवढे रक्तात सहसा पोचतच नाही.

उत्साहाच्या भरात घाई होणे नवे नाही. १९३६ साली आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी फ्लेवोनॉइडांना ‘जीवनसत्त्व पी’ म्हटले होते. पुढच्याच वर्षी नोबेल मिळवणारा हा शास्त्रज्ञ! तरीही ते नाव पुढे सोडून द्यावे लागले, कारण ही संयुगे जीवनसत्त्वाच्या व्याख्येत बसत नव्हती.

माझी विनंती एवढीच, की अशा संयुगावर मजकूर छापताना प्रयोग परीक्षानळीत झाला, उंदरांवर झाला की माणसांवर, आणि किती प्रमाण वापरले, हे पहिल्याच परिच्छेदात द्यावे. शेवटच्या ओळीपर्यंत सगळेच वाचतात असे नाही.

आपली,
रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका