निकालाचे तक्ते आधी भिंतीवरून उतरवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावे, हा कालच्या अंकातील लेखाचा आग्रह मनापासून पटला. पण त्याच लेखात शिक्षकनिहाय निकाल शाळेत लावण्याची सूचना वाचली आणि राहवले नाही.

कळव्यातील एका अनुदानित शाळेत मी गणित शिकवत होते. सहावीची बरीच मुले 2.7 पेक्षा 2.15 मोठे म्हणत, कारण 15 हे 7 पेक्षा मोठे. मधल्या सुट्टीत मी त्या उत्तरपत्रिका विज्ञानाच्या सरांपुढे ठेवल्या. ते लगेच म्हणाले, “बाई, प्रयोगाच्या वेळी मी ‘दोन पॉइंट पंधरा’ असंच वाचतो. मुलांनी तेच धरलं असणार.” स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत हे बोलायला त्यांना जराही संकोच वाटला नाही. मग दोघांनीही ‘दोन दशांश चिन्ह एक पाच’ म्हणायचे ठरवले. मी रुपये-पैसे मांडून पुन्हा शिकवले आणि मुलांच्या चुका कमी झाल्या.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी तक्ता लावला. शिक्षकाचे नाव, विषय, घटक चाचणीचा टक्का आणि तळाच्या नावाखाली लाल रेघ! आपल्या वर्गाचे कुठे अडते हे त्यानंतर कोण सांगणार? प्रश्नपत्रिका कपाटात कुलपाआड गेल्या, पाठाच्या तयारीची टाचणवही मागितली तरी लोक कारणे सांगू लागले. त्या सरांनीही पुन्हा माझ्याजवळ बसून पेपर पाहिले नाहीत. याला गुणवत्तावाढ म्हणतात, हे मला कधीच पटले नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचे प्रशिक्षण सांगते. त्यातले थोडे तास सभागृहातल्या भाषणांऐवजी सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसण्यासाठी द्या. एका इयत्तेच्या शिक्षकांना आठवड्यातून एक तासिका एकत्र मोकळी मिळू द्या, आणि ती गैरहजर शिक्षकाच्या बदली तासात गिळू नका.

लेखात पटसंख्येचा उल्लेखही नाही. पट घसरला की कनिष्ठ शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणजे त्या शाळेतली त्याची जागाच जाते. माझी सून ऐरोलीत शिकवते. मे महिन्यात तिला मुले शोधत दारोदार फिरावे लागते, आणि त्याच इमारतीत शेजारच्या शाळेची शिक्षिकाही फिरत असते. या दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवायचा तो कसा? आपल्या वार्ताहराने यंदाच्या मे महिन्यात त्यांच्याबरोबर एक दिवस फिरावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, ठाणे