मरणाच्या भीतीवरची ती कादंबरी मराठीत यायला हवी

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी नेमाने वाचते, कात्रणं पण ठेवते, पण एका कादंबरीबद्दल त्यात काही वाचल्याचं आठवत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. डॉन डिलिलो या अमेरिकन लेखकाची ‘व्हाइट नॉइज’. 1985 ची आहे, तिकडचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालेली. विषय मरणाची भीती, आणि वाचताना चक्क हसायला येतं, हसता हसता पोटात गोळा येतो तो वेगळाच.

जॅक ग्लॅडनी म्हणून प्रोफेसर आहे, त्याने कॉलेजात हिटलर या एकाच विषयाचं डिपार्टमेंट उभं केलंय पण त्याला स्वतःला जर्मन येत नाही, ते कुणाला कळू नये म्हणून गुपचूप शिकवणी लावलीय. घरात बायको बॅबेट, दोघांच्या आधीच्या लग्नांची मुलं, आणि टीव्ही-रेडिओ कायम चालू. या नवराबायकोत एक प्रश्न सारखा येतो की आपल्यातलं आधी कोण जाणार. तुझ्यामागे राहण्यापेक्षा मीच आधी गेलेलं बरं असं एकमेकांना सांगतात, आणि जॅक मनातल्या मनात कबूल करतो की मला आधी जायचं नाहीये, आणि एकटं पण राहायचं नाहीये. मी हे वाचून पुस्तक मिटून बसले होते. सौभाग्यानं मरण यावं असं म्हणणाऱ्या बायका मी लहानपणापासून वडाच्या पारावर बघत आले, आमची आजी पण म्हणायची, पण तिला खरंच तसं वाटायचं का हे घरात कुणीच कधी विचारलं नाही, मी पण नाही.

मग गावाजवळ रेल्वेचा टँकर फुटतो, विषारी वायूचा काळा ढग येतो, सगळ्यांना घर सोडावं लागतं. रेडिओवर सांगतात तळहाताला घाम येतो, की मुलींच्या तळहाताला घाम. थोड्या वेळाने लक्षणं बदलली म्हणून सांगतात की यांची पण बदलतात! छावणीत एक माणूस जॅकची माहिती कॉम्प्युटरमध्ये घालतो. पेट्रोल भरायला हा दोन-अडीच मिनिटं गाडीबाहेर उतरलेला असतो, तेवढ्यावरून मरण आत शिरलंय, पण नक्की काय ते पंधरा वर्षांनी कळेल असं उत्तर मिळतं. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरच्या केबिनबाहेर बसलेल्या माणसाला हे पान समजावून सांगावं लागणार नाही. आणि ही कादंबरी छापून आली जानेवारी 1985 मध्ये, म्हणजे भोपाळ होऊन महिना-दीड महिनाच झालेला. लिहून आधीच झाली होती, पण तिकडच्या वाचकांना भोपाळ आठवल्याशिवाय राहिलं नाही, मग आपल्याला तर ती जवळचीच वाटायला हवी ना.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते गोळ्यांचं प्रकरण. बॅबेट चोरून कसल्यातरी गोळ्या घेत असते, बाटली बाथरूममधल्या रेडिएटरच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलेली असते. औषध कशावरचं, तर मरणाची भीती वाटू नये यावरचं, अजून प्रयोगातलं. जी बायको आपल्याला सगळं सांगते म्हणून जॅक निर्धास्त होता, ती हीच एक गोष्ट त्याच्यापासून लपवत होती, आणि तो पण तिच्यापासून तेच लपवत होता. एका पलंगावर झोपून.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. माझी छाती रात्री धडधडायची, दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल, घरात काही बोलायला गेलं की सासूबाई म्हणायच्या तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये. मग मी बोलणंच सोडलं. एकदा रात्री तीनला उठले तर स्वयंपाकघरात अंधारात लाल उजेड दिसला. आमचे हे ओट्याला टेकून उभे, बोटाला कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर. मला म्हणाले पाणी प्यायला उठलो होतो. पाण्याचा तांब्या रोजच्यासारखा पलंगाशेजारी भरलेला होता. मी पण काही विचारलं नाही, येऊन झोपले, आणि सहा-सात महिने आम्ही दोघंही आपापलं मोजत राहिलो.

ही कादंबरी वाचताना मी एका रात्री मोठ्याने हसले म्हणून यांनी विचारलं काय गं, तर मी ते तळहाताच्या घामाचं पान यांना मराठीत सांगितलं. हे आधी हसले, मग बराच वेळ गप्प, आणि मग म्हणाले माझा डावा हात मुंग्या आल्यासारखा होतो गं, रोज. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आम्ही यावर बोललो, पहाटेपर्यंत.

म्हणून कळकळीने सांगतेय, कुणीतरी ही मराठीत आणावी, मला तरी दुकानात विचारून मराठीत मिळाली नाही. तुमच्या ओळखीत चांगले अनुवादक असतील, त्यांच्यापर्यंत हे पोचवा. तोवर निदान पुरवणीत एक पान तरी द्या, आणि लिहिणाऱ्याने ‘नैराश्यवादी पुस्तक’ म्हणून बाजूला टाकू नये, नीट गोष्ट सांगावी. इंग्रजी जड जातं म्हणून कितीतरी घरांत ती पोचणार नाही, आणि रात्री तीनला उठून बसणारी माणसं त्या घरांत पण आहेतच.

यांना मी रोज रात्री जेवणं झाली की चार-पाच पानं मराठीत सांगते. काल ढग आला.

— आपली एक नियमित वाचक, ठाणे