मामा, लक्क्याची शेपटी शाबूत आहे

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

मे महिन्यात लक्का मेला त्या रात्री साडेदहाला फोन केला, तेव्हा तुम्ही एकच विचारलंत, "जाऊन किती वेळ झाला?" बाकी सगळे "कबूतरच ना, पुरून टाक" म्हणत होते. पण दादांच्या ढाबळीतला, कबुतरांच्या त्या घरातला, पंख्यासारख्या शेपटीचा तो शेवटचा लक्का, आणि दादांना जाऊन जेमतेम चार महिने झालेले.

"पेंढा भरायचा की नाही ते सावकाश ठरव. पोट कुजायला लागलं की पिसं नुसत्या हातानं गळतात, आधी गार कर." प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढलेला माणूसच असं बोलणार! फोन चालू ठेवूनच तुम्ही मला कामाला लावलंत. चोचीत कापूस, मागे कापूस, म्हणजे आतलं पाणी पिसांवर येत नाही. मान वळवून पंखाखाली. पाय ओल्या कापसात, कारण फ्रीजरमध्ये पाय आधी सुकतात. डोळ्यांचा रंग लगेच लिहून ठेवायचा, पुढे काचेचे डोळे त्यावरूनच निवडायचे.

खरी पंचाईत शेपटीची. साध्या कबुतराला १२ पिसं, लक्क्याला तीस-चाळीस. तो पंखा काही मिटेना. तुम्ही म्हणालात, "घरात लग्नपत्रिका असतील ना?" दोन जाड पत्रिकांच्या मधे शेपटी धरून सैल दोरा बांधला. वर दोन पिशव्या, हवा दाबून काढलेली. पेन्सिलीनं चिठ्ठी: तारीख, नर, ३४० ग्रॅम.

आईनं बर्फाच्या कप्प्याला हात लावू दिला नाही. (तिचंही बरोबर, आंब्याचा रस होता तिथे.) मग रात्री अकराला कसब्यातून तुमच्याकडे. मामींनी एक शब्द न बोलता डीप फ्रीजरमधले मटार एका बाजूला सारले आणि झाकणाचा डबा दिला. त्यांचे आभार कसे मानू, कळत नाही.

गुरुवारी वीज गेली की माझा जीव खाली-वर. तुम्ही वाटीत बर्फ जमवून वर रुपयाचं नाणं ठेवलंत. नाणं बुडालं तर समजायचं, मधे सगळं वितळून गेलं होतं. पाच महिने ते वरच राहिलं.

आणि हो, जूनमध्ये मांज्यात अडकून मेलेलं गव्हाणी घुबड घेऊन येते म्हणाले, तेव्हा जे ओरडलात त्याबद्दलही आभार. पाळलेलं कबूतर वेगळं, घुबड वेगळं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मेलेलं घुबडही घरी ठेवता येत नाही, मला कुठे ठाऊक होतं? वन विभागाची माणसं येऊन घेऊन गेली.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही लक्का रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू दिलात आणि दोन दिवस मान मोडून पेंढा भरत बसलात. आता तो दादांच्या खिडकीत आहे. शेपटीचं एक पीस मुडपलेलं नाही. आई रोज त्याच्यावरची धूळ झटकते, रस विसरली.

रविवारी येते. मामींना सांगा, नवा डबा आणतेय. जुना परत मटारांना नको.

तुमची,
ढाबळवाल्या दादांची लेक
कसबा पेठ, पुणे