घरातली हाक

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर हसत म्हणालीस, "मेसेज आलाय, कॉपीराइटची तक्रार आहे म्हणे, माझं इन्स्टाग्रामवरचं रांगोळीचं अकाउंट चोवीस तासांत बंद होणार!" मला काही हसू आलं नाही. गेल्या महिन्यात माझं काय झालं ते तुला सांगितलंच नव्हतं. लाज वाटली.

दुपारी लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. मावशीचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, नात नाचाच्या स्पर्धेत आहे, मत दे. ओल्या हातानेच लिंक उघडली, मोबाइल नंबर टाकला, मागाहून आलेला सहा आकडी कोडही टाकला. तो कोड मताचा नव्हताच. माझं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या फोनवर चालू करायचा होता. मावशीचं त्याआधीच गेलेलं! अर्ध्या तासात माझ्या नावाने सगळ्यांकडे दहा-दहा हजार मागून झाले. तुझ्या मामाने फोन करून विचारलं, "ताई, तू मला 'डिअर ब्रदर' कधीपासून म्हणायला लागलीस?" मी त्याला जन्मात 'बंड्या'शिवाय हाक मारलेली नाही.

लगेच माझ्या फोनवर पुन्हा नंबर टाकून नवा कोड मागवला आणि तो टाकला, तसा तो भामटा बाहेर पडला. त्याने टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे कोडनंतर मागतात तो दुसरा, पिन लावून ठेवला असता, तर मला सात दिवस ताटकळावं लागलं असतं. आता तो पिन मीच लावलाय. आत्याने मात्र तोवर पाच हजार पाठवले होते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे अजून आलेले नाहीत. आत्या काही बोलत नाही, तेच जास्त लागतं.

तुझ्या त्या मेसेजमधली लिंक उघडू नकोस. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये, त्यांनी खरोखर पाठवलेल्या ईमेलची यादी असते, तिथे बघ. आणि फोनमध्ये साठवलेला पासवर्ड एखाद्या पानावर आपोआप भरला जात नसेल, तर हाताने टाइप करू नकोस. आपल्या डोळ्यांना पत्त्यातलं एक अक्षर बदललेलं कळत नाही, फोनला कळतं. लॉगिनचा कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप लावलंयस ते चांगलं, पण त्यातला कोडसुद्धा खोट्या पानावर टाकला की चोर त्याच मिनिटाला खऱ्या पानावर वापरतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच लॉगिन करायची सोय, घेता आली तर घे. ती खोट्या पानावर चालतच नाही.

आणि फसलीस तर लपवू नकोस, माझ्यासारखी. जुलै २०२० मध्ये ट्विटरच्या कर्मचाऱ्यांनाच फोनवर गंडवून ओबामा, बिल गेट्स यांची अकाउंट पळवली होती. तिथे तुझी आई काय!

पैसे लागले तर फोन कर. मेसेजच करायचा झाला, तर लहानपणी मला जी हाक मारायचीस ती आधी लिही. इथे ती मी लिहीत नाही.

तुझी,
आई