शिमगा आटोपला की आम्ही येतोय

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण मी फोन करते तेव्हा बहुतेक तो बरोबर असतो. आणि तुम्ही फोन स्पीकरवर टाकून घरापुढच्या खळ्यात बसता, म्हणजे अर्ध्या वाडीला ऐकू जातं. ही गोष्ट सध्या तुम्हा दोघांपलीकडे जायला नको.

शिमगा आटोपला की आम्ही दोघं चार दिवस घरी येतोय. पावसाआधी फुटकी कौलं बदलायची आहेत, बाबांना आता शिडीवर चढू द्यायचं नाही, तेव्हा चल, असं मी त्याला सांगितलंय. ते काम आहेच आणि ते करायचंच आहे. पण त्या चार दिवसांत, आपल्या पडवीत, मला त्याला लग्नाचं विचारायचं आहे.

आई, लगेच देवापुढे दिवा लावायला उठू नकोस. आधी सगळं वाच.

लग्न हा विषय आमच्यात नवा नाही. पैसे, घर, मूल, सोलापूरला एकट्या राहणाऱ्या त्याच्या आई, सगळं बोलून झालंय. तुमच्याबद्दलही बोलणं झालं, आणि तो विषय त्यानेच काढला. पावसात तिथे लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, निदान ते चार महिने आई-बाबांनी आपल्याकडे यावं, म्हणाला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. सारखं घोळत होतं माझ्या डोक्यात, पण मी ते बोलले नव्हते. तेव्हा त्याला नवा असेल तो फक्त दिवस आणि ती जागा. लग्न करायचं की नाही, हाच प्रश्न एखाद्याच्या अंगावर अचानक टाकणं मला पटत नाही.

बाबा, मुलीने विचारायचं म्हणजे काय, असं तुमच्या मनात येईल. पण आपल्याकडे विचारतं कोण? ताईच्या वेळी मी शाळेत होते, पण मला सगळं आठवतं. इस्त्रीचा सदरा, पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घडी पडणार नाही अशी ठेवलेली, आणि तुम्ही एसटीने कधी कुडाळ, कधी कणकवली, कधी पार राजापूर. लोक चहा द्यायचे, "कळवतो" म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. पोस्टमन यायच्या वेळी तुम्ही काहीतरी निमित्त काढून कुंपणाच्या बेड्याशी जाऊन उभे राहायचात. आईला वाटायचं तुम्ही गुरं बघताय. विचारायचं मुलीच्याच बाजूने, ही रीत जुनीच आहे. तिच्या वतीने बाप विचारायचा, आणि उत्तराची वाट बघणंही त्याच्याच वाट्याला यायचं. माझ्या वेळी विचारणं मी करणार, आणि वाट बघायची वेळ आली तर तीही मीच बघेन. तुम्ही पुन्हा त्या बेड्याशी उभं राहू नये असं मला फार वाटतं.

त्यापुढची रीत सगळी तुमची. सोलापूरला जाऊन बोलणी करायची, सुपारी, साखरपुडा, तुम्ही म्हणाल तसं. त्याच्या आईंशी मी बोलले आहे. त्या आधी रडल्या, मग "विचार" म्हणाल्या, आणि त्याच्या जुन्या अंगठीवरून माप काढून मला पाठवलं. अंगठी साधी चांदीची केली आहे.

आता आई, तुझं काम. ते सुरंगीचे दिवस असतील. आसोलीहून कळ्या घेऊन येणाऱ्या मावशीला आधीच सांगून ठेव. उमललेली फुलं नकोत, पहाटे उतरवलेल्या मिटलेल्या कळ्याच. चतुर्थीला तू त्याला शेवंतीचा वळेसर, आपला केसांत माळायचा गजरा, करायला शिकवलं होतंस. गाठ मारताना तो जीभ दातांत धरून बसला होता, तू तीनदा सोडवून पुन्हा करायला लावलास आणि त्याने केला. सुरंगी त्याने अजून पाहिलेली नाही. मोत्याएवढी ती कळी, आखूड देठाची, जरा जोर झाला की डोकं हातात आणि देठ दोऱ्यात. आणि फांदीच्या जून लाकडावरच ती गुच्छांनी कशी फुटते, ते त्याला दाखवायचं आहे. सुकली तरी वास जात नाही, हे मी त्याला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. तुझ्या ट्रंकेत आजीच्या लुगड्यांच्या घडीत ठेवलेले वळेसर अजून असतील, त्यातला एक काढून ठेव.

सकाळची न्याहारी झाली की सुपात कळ्या आणि केळीच्या सोपाचे भिजवलेले दोरे पडवीत ठेवा. मग बाबा आगराला पाणी लावायला जा, आई तू चुलीकडे. वळेसर निम्मा झाला की मी विचारेन.

त्या वेळी खळ्यात कोणी नको. अगदी कोणीही. चतुर्थीला बाबांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं तेव्हा तो आधी बावरला, पण दोन-तीनदा ऐकल्यावर त्याचाही "होय महाराजा" सगळ्यांच्या आवाजात मिसळला. गाऱ्हाण्याला ते शोभतं. तिथे सगळ्यांनी मिळून होय म्हणायचं, एकट्या माणसाच्या म्हणण्यामागे अख्खी वाडी उभी राहते. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याने एकट्याने द्यायचं आहे. काकू, वाडीतली पोरं आणि मोबाईल धरून उभे चुलतभाऊ समोर असले तर त्याच्या तोंडून नाही निघणारच नाही. तो पाहुणा आहे आणि स्वभावाने भिडस्त आहे. भिडेने दिलेला होकार घेऊन मी संसार कसा करू? शहरात मोठ्या हॉटेलांत टाळ्या वाजवत हे चालतं, ते बघताना मला समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचीच काळजी वाटत राहते.

म्हणूनच बाबा, राऊळात कौलही लावू नका. देवाने आधी उजवी देऊन होकार दिला आणि मग तो "थोडा वेळ दे" म्हणाला, तर तुमच्या मनात गाठ बसेल. आईने वेतोबाला केळ्यांचा घड बोललाय हे मला ताईकडून कळलंय. तो घड नंतर आम्ही सगळे मिळून घेऊन जाऊ. आणि उत्तर येईपर्यंत "जावईबापू" नको.

तो थांब म्हणाला, तरी त्या दिवसाचं काही बदलायचं नाही. ओल्या काजूगरांची उसळ आणि सोलकढी असू दे. खापरोळ्यांचं पीठ आदल्या रात्री भिजत घाल, नारळाचा रस काढ. होय म्हणाला तरी खापरोळ्या आणि थांब म्हणाला तरी खापरोळ्या. जेवल्यावर बाबांनी त्याला शिरोड्याला मिठागरं दाखवायला न्यावं. १९३० चा तिथला मिठाचा सत्याग्रह तो दरवर्षी वर्गात शिकवतो, पण जागा अजून पाहिलेली नाही. आजोबांकडून ऐकलेलं सगळं त्याला सांगा, बाबा. तुम्ही सांगायला लागलात की तो वही काढेल, त्याला तशी सवयच आहे.

तिकिटं झाली. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे शेवटपर्यंत जीव टांगणीला होता, पण तुतारीची मिळाली. ती दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणून तिकिटावर शनिवार असला तरी आम्ही शुक्रवारी रात्रीच निघू आणि शनिवारी दुपारी सावंतवाडीला उतरू. ऊन खूप असेल, स्टेशनवर येऊ नका. तिथून, मळगावहूनच, रिक्षा करून येतो.

बाबा, किती कौलं लागतील ते खालूनच मोजून ठेवा, चढू नका. आई, पत्र मिळालं की फोन कर आणि एवढंच म्हण, "कळ्या सांगितल्यात." तो शेजारी असला तरी काही बिघडणार नाही.

तुमची,
धाकटी